सुंदर गाव, पार्किंग पुढे

फ्रान्समध्ये गावाने नुसतं सुंदर असून भागत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. लोकसंख्या 2000 च्या आत हवी. गावातल्या किमान दोन वास्तू किंवा जागा सरकारी संरक्षणाच्या यादीत हव्यात, आणि अर्जाला ग्रामपरिषदेचा ठराव जोडावा लागतो. मग तपासणीला माणसं येतात. ती घरांची छपरं आणि खिडक्या बघतात, विजेच्या तारा लोंबतायत का हे बघतात आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतात हेही बघतात. गाव पास झालं की वेशीवर पाटी लागते आणि दरसाल वर्गणी सुरू होते. पुढच्या एखाद्या तपासणीत नापास झालं तर पाटी उतरवून ठेवावी लागते. सौंदर्याची ही अशी मुदतबंद सनद आहे.

ही कल्पना शार्ल सेराक यांची. कोरेझ जिल्ह्यातल्या कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे ते महापौर होते. 1981 मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'च्या फ्रेंच शाखेने देशातल्या देखण्या गावांचं एक चित्रमय पुस्तक काढलं. ते पाहून सेराक यांच्या मनात आलं की या सगळ्या गावांची मोट बांधली तर? तरुण शहरात निघून गेलेले, शाळा बंद पडत चाललेल्या, अशी त्यांच्या मुलखाची तेव्हाची कथा होती. 1982 मध्ये 66 गावं एकत्र आली आणि 'ले प्ल्यू बो व्हिलाज द फ्रान्स', म्हणजे फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं, नावाची संस्था उभी राहिली. आज यादी सुमारे 180 गावांपर्यंत गेली आहे.

त्या यादीची प्रिंट हातात घेऊन 2024 च्या उन्हाळ्यात एक मामा तुलूझच्या एका घराखाली उभे होते. तुलूझ हे युरोपातल्या विमान उद्योगाचं मोठं ठिकाण असल्यामुळे तिथे मराठी इंजिनिअर असणं ही काही नवलाई राहिलेली नाही. त्यांच्याकडे सुट्टीत पुण्याहून मामा-मामी येणं तर त्याहून नाही. मामांनी यादीवर लाल पेनने खुणा केल्या होत्या. अष्टविनायक दीड दिवसात उरकलेल्या माणसाचा आत्मविश्वास त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"लहान लहान गावं तर आहेत. एकेकाला अर्धा तास खूप झाला," मामा म्हणाले.

भाचा काही बोलला नाही. तो फ्रान्समध्ये बरीच वर्षं राहिला होता.

मामा पुढे, भाच्याच्या उजव्या हाताला बसले. आपल्याकडे ती जागा ड्रायव्हरची. तीस-पस्तीस वर्षं त्या बाजूला बसून गाडी हाकलेल्या माणसाच्या पायाला हे कोण समजावणार? समोर ट्रक दिसला की मामांचा उजवा पाय गालिच्यात रुतायचा, वळण आलं की हात नसलेलं स्टिअरिंग फिरवायचे. दुपारपर्यंत त्यांच्या पोटरीत गोळा आला. मागे मामी आणि भाचेसून. दोघींच्या मध्ये दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बाटली. ती बाटली सांडू नये म्हणून तिला सीटबेल्ट लावला होता.

टोलचा महामार्ग काओरजवळ सोडला आणि पहिल्याच चौकात घोडं अडलं. समोर दोन पाट्या. एक डावीकडे बाण दाखवत होती, तिच्यावर लिहिलं होतं 'सर्व दिशा'. दुसरी उजवीकडे, तिच्यावर 'इतर दिशा'.

मामांनी त्या भाचेसुनेकडून दोनदा वाचून घेतल्या. "सर्व दिशा तिकडे गेल्या तर इतर उरल्या कुठल्या?"

प्रश्न रास्त होता, पण फ्रेंच रस्तेखात्याला तो पडलेला नाही. 'सर्व दिशा' म्हणजे ज्यांचं गावात काही काम नाही त्यांनी बाहेरून जावं. 'इतर दिशा' म्हणजे ज्यांचं नाव शेजारच्या पाटीवर नाही अशा उरलेल्या सगळ्यांनी इकडून जावं. दोन्ही पाट्या एकाच खांबावर असल्या तर भाविकाने जीपीएसचं नाव घ्यावं. पण या व्यवस्थेत एक तत्त्व आहे आणि ते पुढे सबंध प्रवासभर भेटत राहिलं: बाहेरच्याला गावात शिरू द्यायचं नाही.

वेगाचीही अशीच गंमत. गावाच्या हद्दीवर लाल काठाची, पांढऱ्या अंगाची गावाच्या नावाची पाटी असते. तिच्यावर आकडा नसतो, पण ती ओलांडली की वेग 50 च्या आत हवा. गाव संपलं की तेच नाव तिरक्या लाल रेषेने खोडलेलं दिसतं, आणि मग पुन्हा गाडी दामटायला मोकळीक. दामटायची किती, हा मात्र राजकीय प्रश्न आहे. जुलै 2018 मध्ये सरकारने दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांची मर्यादा देशभर 90 वरून 80 वर आणली. खेड्यापाड्यातली माणसं आधीच इंधनाच्या करावरून तापलेली. त्याच नोव्हेंबरात पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं आणि रस्त्याकडेचे वेग मोजणारे कॅमेरे ठिकठिकाणी रंगवले, झाकले, जाळले गेले. पुढे सरकारने नमतं घेतलं आणि ठरवायचं ते जिल्ह्यांनी ठरवावं असं म्हटलं. आता जिल्ह्याची सीमा ओलांडली की मर्यादा बदलते आणि मामांसारखा सहप्रवासी "अरे 80! नाही, 90! नाही नाही, गाव आलं, 50!" असं समालोचन करू शकतो.

त्यात काही गावांच्या पाट्या चक्क उलट्या लावलेल्या. नाव खाली डोकं वर पाय. मामांना वाटलं कंत्राटदाराचा प्रताप. ओळखीची गोष्ट दिसल्याचा आनंदही त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. प्रत्यक्षात तो शेतकऱ्यांचा निषेध होता. 2023 च्या हिवाळ्याआधी तुलूझच्या शेजारच्या तार्न जिल्ह्यात शेतकऱ्यांनी स्क्रू काढून पाट्या उलट्या बसवायला सुरुवात केली. शेतीचे नियम आणि धोरणं सगळी डोक्यावर उभी आहेत, असं त्यांना म्हणायचं होतं. मोडतोड नाही, जाळपोळ नाही, आणि पत्ता शोधणाऱ्याची मान मात्र वाकडी. ही लाट बघता बघता देशभर पसरली. उन्हाळा आला तरी काही पाट्या सुलट करायची कुणाला घाई नव्हती.

पहिलं गाव सँ-सीर-लापोपी. लॉत नदीच्या वर शंभरेक मीटरवर, कड्याच्या टोकाला पकडून बसलेलं. तपकिरी कौलांची उतरती छपरं, दगडी बोळ, मधोमध किल्ल्यासारखं चर्च. खालून पाहिलं की वाटतं, एक घर सुटलं तर बाकीची सगळी मागोमाग नदीत उतरतील. 2012 मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर 'फ्रेंचांचं लाडकं गाव' ही स्पर्धा प्रथम झाली तेव्हा हेच पहिलं आलं. कायम राहणारी माणसं दोनेकशे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तेवढी आइस्क्रीमच्या रांगेतच असतात.

गाडी गावाच्या बाहेर, वर डोंगरावर, पैसे भरून लावायची आणि चालत खाली उतरायचं. उतरताना बरं वाटतं.

एके काळी या गावाचा धंदा होता लाकडाच्या तोट्यांचा. दारूच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या इथले कातारी घराघरात कातायचे आणि खालून लॉत नदीतल्या होड्या त्या, आणि काओरची वाईन, बोर्दोपर्यंत न्यायच्या. मग रेल्वे आली, होड्या बसल्या, कातारी एकेक करत संपले. घरं ओस पडली. पडली म्हणूनच राहिली, हे या मुलखाचं खरं गुपित. ज्या गावात विसाव्या शतकात पैसा आला तिथे जुनं पाडून नवं बांधलं गेलं. इथे पाडायलाही पैसा नव्हता. रस्ता दुसरीकडून गेला, बाजार दुसरीकडे भरला, गाव होतं तसं उभं राहिलं आणि शंभर वर्षांनी 'ऐतिहासिक' म्हणून बक्षिसाला पात्र ठरलं. आता तोच रस्ता त्या गावाकडे वळवून माणसं येतात आणि गाडी कुठे लावू म्हणून विचारतात.

ओस पडलेल्या घरांतलं एक घर अतिवास्तववादाचे धर्मगुरू आंद्रे ब्रतों यांनी 1950 च्या आसपास पाहिलं, घेतलं आणि मरेपर्यंतचे उन्हाळे तिथे काढले. पर्यटनाची पत्रकं एवढं सांगून थांबतात. शेजारच्या पेश मेर्ल गुहेची गोष्ट त्यात नसते. त्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत: ठिपक्यांचे घोडे, मॅमथ, हाताचे ठसे. 1952 मध्ये ब्रतों ती पाहायला गेले. चित्रं इतकी ताजी कशी, अशी त्यांना शंका आली, आणि खात्री करून घ्यायला त्यांनी एका मॅमथच्या सोंडेवर अंगठा घासला. रेघ पुसली गेली. गुहा दाखवणारे गृहस्थ साधे वाटाडे नव्हते, खासदार होते. त्यांनी कविराजांच्या हातावर फटका मारला. बाचाबाची झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि अतिवास्तववादाच्या प्रणेत्याला अगदी वास्तव असा दंड भरावा लागला. भाच्याने हे सांगितल्यावर मामी मामांना म्हणाल्या, "ऐकलंत? तुम्हालाही देवळात प्रत्येक खांब वाजवून बघायची खोड आहे."

रोकामादूरला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ मुद्दाम सांगितली पाहिजे. फ्रेंच खेड्यात बारा ते दोन हा जेवणाचा प्रहर आहे आणि तो ग्रहणासारखा पाळतात. बारा वाजता पोस्ट बंद, किराणा बंद, ग्रामपंचायत बंद. कित्येक ठिकाणी त्या वेळात पार्किंगचे पैसेसुद्धा लागत नाहीत, कारण पावती तपासणाराही जेवायला गेलेला असतो. दोन वाजता सगळं उघडतं आणि स्वयंपाकघरं बंद होतात. म्हणजे बारा ते दोन काही विकत मिळत नाही आणि दोननंतर काही खायला मिळत नाही.

भाच्याने तीन उपाहारगृहांत विचारलं. तिन्हीकडे आधी सविस्तर 'बोंझूर' झालं (ते न म्हणता विचारणाऱ्याला इथे उत्तर मिळत नाही) आणि मग खेदपूर्वक नकार. चौथ्या ठिकाणी मालकिणीने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि 'यांच्या घरी वळण लावायला कुणी नव्हतं का' अशा नजरेने चौघांकडे पाहिलं. शेवटी दरीच्या कडेला सरकारी बाकावर दशम्यांचा डबा उघडला. शेजारच्या दुकानातून गावाच्याच नावाचं बकरीच्या दुधाचं चीज आणलं, छोटंसं, पस्तीस ग्रॅमचं. मामींनी ते दशमीवर पसरलं, वर चटणी भुरभुरली आणि चव घेऊन म्हणाल्या, "यांना नुसती चटणी माहीत नाही, बाकी सगळं आहे."

रोकामादूर हे तीर्थक्षेत्र. कड्याला चिकटून तीन मजल्यांवर वसलेलं: खाली गाव, मध्ये देवळं, वर गढी. मधल्या देवळात काळ्या मेरीची लाकडी मूर्ती आहे. 1166 मध्ये इथे एका पुरातन माणसाचा न कुजलेला देह सापडला, तो संत अमादूर यांचा ठरला आणि यात्रेकरूंची रीघ लागली. इंग्लंडचा दुसरा हेन्रीसुद्धा येऊन गेला. देवळाकडे जायला 216 पायऱ्या आहेत आणि पापी लोक त्या गुडघ्यांवर चढत. आता लिफ्टही आहे. मामा पायऱ्यांनी गेले, मामी लिफ्टने. वर पोचल्यावर मामींचं दर्शन, मेणबत्ती, फोटो सगळं होऊन गेलं होतं आणि मामा एका कठड्याला धरून बोलता येण्याची वाट बघत होते.

त्यांना बघायची होती ती तलवार. रोलाँ हा शार्लमेन राजाचा योद्धा. स्पेनच्या सीमेवर मरताना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्याने आपली अभंग तलवार द्युरांदाल हवेत भिरकावली आणि ती शेकडो किलोमीटर उडत येऊन रोकामादूरच्या कड्यात रुतली, अशी कथा. भाच्याने मान वर करून कडा न्याहाळला. जमिनीपासून दहा मीटरवर कपार होती, साखळी होती, तलवार नव्हती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती चोरीला गेली होती.

"हजार वर्षं टिकली आणि आपण यायच्या वेळेला गेली," मामा हळहळले.

तसं हळहळण्याचं कारण नव्हतं. गेली ती पत्र्याची प्रतिकृती. 'खरी' तलवार म्हणे 1183 मध्येच लुटली गेली, तीही दुसऱ्या हेन्रीच्या पोटच्या पोराने. धाकटा हेन्री बापाविरुद्ध बंड करून या भागात हिंडत होता. सैनिकांचे पगार थकले तेव्हा त्याने देवळाचा खजिना साफ केला. त्याला लगोलग आव लागली आणि जवळच्याच मार्तेल गावात जूनच्या अकरा तारखेला तो गेला. देवस्थानच्या पैशाला हात लावू नये, हे मामींनी मार्तेलमधून गाडी जाताना दोनदा ऐकवलं. मामा त्यांच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होते.

मुक्काम तुरेनजवळच्या एका वाडीत होता, जुन्या गोठ्याचं घर केलेलं होतं तिथे. पहाटे कोंबडा आरवला. सात वाजता चर्चची घंटा सात वेळा वाजली. मामा कूस बदलतात तोच ती पुन्हा सात वेळा वाजली. या भागात तास दोनदा वाजवायची पद्धत बऱ्याच गावांत आहे: शेतातला माणूस पहिल्या वेळी मोजायला चुकला तर दुसऱ्यांदा मोजता यावं. मामांनी दोन्ही वेळा मोजून चौदा वाजल्याचा निष्कर्ष काढला आणि ताडकन उठून बसले. जेवणाची वेळ पुन्हा हुकल्याच्या धास्तीने.

तक्रार करण्याची सोय नाही. 2019 मध्ये अटलांटिक किनाऱ्याजवळच्या ओलेराँ बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्यावर खटला भरला गेला. सुट्टीतल्या घरमालकांना त्याच्या आरवण्याने झोप लागत नव्हती. देशभर चर्चा झाली, मॉरिसच्या समर्थनार्थ सह्या जमल्या आणि कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढल्या वर्षी मॉरिस वारला, पण जानेवारी 2021 मध्ये फ्रेंच संसदेने कायदाच केला: खेड्यातले आवाज आणि वास हा ग्रामीण वारशाचा भाग आहे. शहरातून आलेल्यांनी आता घंटा, कोंबडा, बेडूक आणि शेणाचा वास या सगळ्यांकडे वारसा म्हणून बघायचं.

तुरेनच्या टेकडीवर दोन मनोरे आणि थोडी भिंत उरली आहे. त्या दोन मनोऱ्यांच्या बळावर इथले व्हाइकाउंट राजाला न जुमानता राहत. स्वतःची नाणी पाडत, स्वतःची सभा भरवत, आणि त्यांच्या प्रजेला राजाचे कर नसत. शेजारपाजारची गावं करांनी पिचलेली असताना तुरेनवाले मिशांना पीळ देत हिंडायचे. 1738 मध्ये त्यांच्या कर्जबाजारी मालकाने अख्खी जहागीर पंधराव्या लुईला विकून टाकली. गावं, जंगलं, माणसं, मनोरे सगळं एका खरेदीखतात. प्रजेला कळलं ते करवसुलीला माणूस आला तेव्हा.

याच जहागिरीतल्या कारभाऱ्यांनी, कप्तानांनी आणि वकिलांनी शेजारच्या कोलोंज-ला-रूजमध्ये आपापल्या गढ्या बांधल्या. मालकाला मनोरा, म्हणून कारकुनालाही बुरूज. एवढ्याशा गावात इतके टोकदार बुरूज आहेत की साध्या घरात कुणी राहायचंच नाही असा दंडक असावा. दगड सगळा लाल, लोहाच्या गंजाने रंगलेला. गेरूने सारवल्यासारखं गाव उन्हात पेटून उठतं. फक्त चर्चच्या दारावरची कोरीव कमान पांढऱ्या चुनखडीची, म्हणून ती आणखीच उठून दिसते. सेराक यांची संस्था अजून इथूनच चालते. हंगामात गावात गाड्यांना मज्जाव. गाडी बाहेर, पैसे भरून. मामांनी यादीवर आणखी एक टीक केली आणि उरलेल्या खुणांकडे बघून पेन खिशात ठेवून दिलं.

सार्लाला शनिवारचा बाजार होता. सार्ला हे शहर, त्यामुळे सुंदर गावांच्या यादीत बसत नाही. पण जुनी वस्ती वाचवण्याचा सरकारी प्रयोग सुरू झाला तो इथे. 1962 मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी कायदा केला: एकेक वास्तू नव्हे, अख्खा जुना भाग जपायचा. पहिल्यांदा ज्या शहरांत तो राबवला त्यात सार्ला होतं, कारण इथेही तीच कहाणी. गल्ल्या अंधाऱ्या, घरं ढासळती, आणि पाडून इमारती उभारायला कुणी बिल्डर फिरकला नव्हता. जुन्या सँत-मारी चर्चमध्ये आता रोजचा बाजार भरतो. सार्लात वाढलेले वास्तुकार झाँ नूव्हेल यांनी त्याला सुमारे पंधरा मीटर उंच पोलादी दारं बसवली. आत देवाच्या जागी चीज, सॉसेज आणि बदकाचं काळीज. तसाच चढा आवाज, तशीच भक्ती.

बदक आणि हंस हे इथलं कुलदैवत म्हणायला हरकत नाही. शहरात हंसांचा पुतळा आहे. त्यांना नळीने मका भरवून फुगवलेल्या काळजाला, म्हणजे फ्वा ग्राला, 2006 च्या कायद्याने फ्रान्सचा संरक्षित सांस्कृतिक वारसा ठरवलं आहे. मामी शाकाहारी. या प्रदेशात शाकाहारी असणं म्हणजे वारशाचा अपमान. पण आज ते चौघं बाराच्या ठोक्याला, दोन्ही ठोक्यांच्या मध्ये, टेबलावर बसले होते.

भाचेसुनेने मेन्यू वाचला. सलाड होतं, त्यात बदकाच्या पोटातल्या गाठी. सूप होतं, बदकाच्या हाडांचं. अखेर तिला बटाटे सापडले. सार्लाची खासियत. ती खुलली.

"यात मांस नाही ना?" तिने वेटरला विचारलं.

"मुळीच नाही, मादाम. बटाटा, लसूण, पार्सली."

बटाटे आले. सोनेरी, कुरकुरीत, लसणीचा वास टेबलभर. मामींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. अर्धी ताटली संपल्यावर त्यांनी विचारलं, "यांचं तेल कुठलं गं? घाण्याचं दिसतंय. डबा मिळाला तर नेऊ."

भाचेसुनेने विचारलं. वेटरचा चेहरा अभिमानाने फुलला. "तेल? छे, मादाम. बदकाची चरबी. आमच्या काकांच्या शेतावरची."

भाचेसून क्षणभर वेटरकडे पाहत राहिली. मग मामींकडे वळून म्हणाली, "इकडचंच आहे म्हणतात. विमानात नेता येत नाही." आणि पाण्याचा ग्लास भरू लागली. भाचा टेबलाखालचा नॅपकिन शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. मामींनी ताटली पुसून खाल्ली. शेवटी अक्रोडाचा केक आला, तो निर्विवाद शाकाहारी होता. तो त्यांना तितकासा आवडला नाही.

सार्लापासून दोर्दोन्य नदीचा काठ जवळच. इथे सुंदर गावं इतकी जवळजवळ आहेत की एकाच्या गच्चीवरून दुसऱ्याच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं दिसावं. शंभर वर्षांच्या युद्धात एका काठाला फ्रेंच, दुसऱ्या काठाला इंग्रज, आणि मधून मधून अदलाबदल. पुढे धर्मयुद्धं आली तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. दोम हे कड्यावरचं गाव 1281 मध्ये राजा तिसऱ्या फिलिपने वसवलं. तीन बाजूंना तट घातला. नदीच्या बाजूला सरळसोट कडा, तिकडून कोण येतंय म्हणून तो मोकळा ठेवला. 1588 मध्ये जोफ्रवा द व्हिव्हाँ नावाचा प्रोटेस्टंट सरदार नेमका तिकडूनच आला, रात्री, तीस माणसं घेऊन. वर चढून त्यांनी ढोल-शिंगांचा गदारोळ केला, पहारेकरी भांबावले आणि दरवाजे आतून उघडले गेले. सिंहगड आणि पन्हाळ्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मामांनी हे ऐकलं आणि कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकून उंची अजमावली. "घोरपड नसेल लावली यांनी," ते म्हणाले, पण आवाजात आदर होता.

खाली ला रोक-गाजाक: एक कडा, एक घरांची ओळ, एक रस्ता, एक नदी, बस. चित्रासाठी याहून सोयीचं गाव नाही आणि राहायला याहून धास्तीचं नाही. जानेवारी 1957 मध्ये कड्याचा मोठा भाग कोसळला, घरं चिरडली, तीन माणसं गेली. गावाने तीच ओळ पुन्हा उभी केली. उन्हाळ्यात सपाट तळाच्या होड्या पर्यटकांना घेऊन नदीत फिरतात आणि सगळे त्याच कड्याचे फोटो काढतात.

पलीकडे मिलांदचा शातो, म्हणजे गढीसारखा वाडा. अमेरिकेतून येऊन पॅरिस गाजवलेली नर्तकी जोसेफिन बेकर हिने तो 1947 मध्ये विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रान्ससाठी हेरगिरी केली होती. इथे तिने जगभरातली बारा मुलं दत्तक घेतली, हॉटेल काढलं, मिनी गोल्फ काढलं, गावात वीज-पाणी आणायला हातभार लावला आणि कर्जात बुडाली. 1969 मध्ये तिला शातोतून बाहेर काढलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिली. त्याचा फोटो आहे. 2021 मध्ये फ्रान्सने तिला पाँतेओंमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या पंगतीत, जागा दिली. मामी त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. "बारा मुलं," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "मेली कर्ज देणारी माणसं."

कास्तेलनोच्या किल्ल्यात मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे आणि तटावर दगडफेकी यंत्रं उभी केली आहेत, पूर्ण आकाराची, चालणारी. त्यांचा रोख नदीपलीकडच्या बेनाककडे आहे. जुनं वैर जपावं ते असं. बेनाकचा किल्ला समोरच्या कड्यावरून दात काढून बघतो. त्याच्या पायाशी बेनाक गाव, आणि गावाच्या पायाशी, कडा आणि नदी यांच्या चिंचोळ्या फटीतून, जिल्ह्याचा रस्ता.

आणि इथे या प्रदेशाचं ताजं युद्ध चालू होतं. उन्हाळ्यात त्या फटीतून कॅरव्हॅन, ट्रक, सायकली आणि कॅनोवाल्यांचे टेम्पो एकदम घुसतात. गाव वाचवायचं तर बाहेरून वळणरस्ता काढा, असं जिल्हा परिषदेने ठरवलं. वळणरस्ता जायचा कुठून? दुसऱ्या बाजूच्या किल्ल्यांसमोरून, दोनदा नदी ओलांडून. म्हणजे एक सुंदर दृश्य वाचवायला दुसरं सुंदर दृश्य मोडायचं. काम सुरू झालं, नदीत काँक्रीटचे खांब उभे राहिले आणि डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं. 2019 मध्ये बोर्दोच्या न्यायालयांनी सांगितलं, बांधलेलं पाडा आणि नदी होती तशी करा. जिल्हा परिषद हटेना. न्यायालयाने दंड लावला तरी हटेना. खांब तसेच. माथ्यावर पूल नसलेले ते खांब बघून मामांच्या चेहऱ्यावर या प्रवासात पहिल्यांदाच पूर्ण समजल्याचा भाव आला.

"हे मात्र मला कुणी समजावून सांगायला नको," ते म्हणाले.

बेनाकच्या फटीत गाडी शिरली आणि थांबली. पुढे दोन कॅरव्हॅन समोरासमोर. एकीचा डच मालक मागे जायला तयार नव्हता, दुसरीचा जर्मन मालक नियमाचा हवाला देत होता. मागे रांग वाढत चालली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी हॉर्न वाजवला नाही, हे मामांना असह्य झालं. ते दार उघडून उतरले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "चला, तुम्ही मागे घ्या. घ्या, घ्या, घ्या... बास! आता तुम्ही. दाबून घ्या डावीकडे." डच गृहस्थाने घेतली. जर्मन गृहस्थानेही घेतली. हातवाऱ्यांत काही तरी असं होतं की कुणाला विचारावंसं वाटलं नाही, हा माणूस कोण. एका सायकलवालीने टाळ्या वाजवल्या. रांग सुटली, एकेक गाडी मामांच्या इशाऱ्याने पुढे सरकू लागली, आणि त्यात भाच्याचीही.

मागे पन्नास गाड्या. थांबायला जागा नाही. मामा डाव्या हाताने इतरांना थोपवून उजव्या हाताने भाच्याला "चल, चल, पुढे चल!" करत होते, आणि भाचा गेला. गाव संपलं, नाव खोडलेली पाटी आली, तरी कडेला जागा नाही. पुढे पार्किंग लागलं, आत शिरल्यावर यंत्राने किमान एका तासाचे पैसे मागितले. भाच्याने कार्ड लावलं आणि तिघं काचा खाली करून मामांची वाट बघू लागली.

मामा अर्ध्या तासाने आले, घामाघूम, हातात कुणीतरी दिलेली थंड पाण्याची बाटली. पावतीवर अजून पंचवीस मिनिटं शिल्लक होती.

"पैसे भरलेत ना?" ते म्हणाले. "मग गाव बघून घेऊ."